बरं वाटतंय म्हणून औषध सोडताय?

दमा असो की फिट्स, एक गोष्ट दोन्हीकडे हमखास होते. काही महिने त्रास झाला नाही की वाटतं आता झालं की बरं, रोज रोज कशाला औषधं, आणि मग पंप कपाटात जातो, गोळ्या कधी चुकतात कधी मुद्दाम टाळल्या जातात, आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. या आजारांत सगळ्यात जास्त घात इथेच होतो असं माझं मत आहे, कारण त्रास न होणं हेच तर औषधाचं काम आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दम्याचं बघा. धाप लागते तेव्हा श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात हे खरं, पण मूळ दुखणं म्हणजे नळ्यांच्या आतली सूज, आणि ती माणूस मस्त जिने चढतोय त्या दिवशीसुद्धा थोडीफार असतेच. साल्ब्युटामॉलचा पंप स्नायू सैल करतो, काही मिनिटांत मोकळं वाटतं, पण चार-सहा तासांत परिणाम संपतो आणि सुजेला तो हातही लावत नाही. सूज कमी करतो तो स्टेरॉइडचा पंप, हळूहळू, रोज घेऊन. म्हणूनच 2019 पासून गिना या दम्याच्या जागतिक गाइडलाइन्स मोठ्या माणसांना आणि किशोरांना सांगतायत की नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नका.

स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. पण पंपाच्या एका झटक्यात साधारण 100-200 मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि 20 मिलिग्रॅमची स्टेरॉइडची गोळी म्हणजे 20,000 मायक्रोग्रॅम, शिवाय ती सगळ्या अंगभर फिरते. पंपाची सवय लागते हेही खोटं. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते. आणि घ्यायची पद्धत फार महत्त्वाची आहे, पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, हळू श्वास ओढायला लागायचं आणि त्याच वेळी दाबायचं, मग 10 सेकंद श्वास धरून ठेवायचा. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं.

फिट्समध्ये गोष्ट वेगळी, चूक तीच. मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम, एका तालात सिग्नल सोडायला लागतात तेव्हा फिट येते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइनसारखी औषधं पेशींना असं धडाधड सिग्नल सोडू देत नाहीत, पण त्यासाठी रक्तात त्यांचं प्रमाण टिकून राहावं लागतं. दोन दिवस गोळी चुकली, त्यात जागरण झालं की पुरे. आणि औषध एकदम बंद केलं तर थांबतच नाही अशी फिटही येऊ शकते, त्यात जीव जाऊ शकतो. समोर कुणाला फिट आली तर तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि 5 मिनिटांच्या वर गेली तर थेट अ‍ॅम्ब्युलन्स.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना फिट्सचा आजार, म्हणजे एपिलेप्सी किंवा मिरगी, आहे आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान आणि उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. मग गोळ्या जन्मभर का? नाही, तसंच काही नाही. दोन वर्षं वगैरे एकही फिट आली नाही तर डॉक्टर डोस कमी करायचा विचार करतात, तोही हळूहळू, काही महिने घेऊन. पण काही प्रकार, जसं की किशोरवयात सुरू होणारी ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, गोळ्यांना छान दाद देतात आणि गोळ्या सोडल्या की बहुतेकांत परत उलटतात. त्यामुळे ओळखीतल्या कुणाच्या गोळ्या सुटल्या म्हणून आपण सोडायच्या नाहीत. पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, माझा प्रकार नेमका कोणता, आणि त्यात औषध कधी सुटू शकतं का.