पपायरसचा तुकडा किती साक्ष देतो?

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचा, एक फाटका तुकडा काचेत जपून ठेवला आहे. उंची जेमतेम 9 सेंटिमीटर, रुंदी 6. तळहातावर सहज मावेल. दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरांच्या सात-सात तुटक ओळी. मजकूर योहानाच्या शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक), येशू आणि रोमन सुभेदार पिलात यांच्या संवादाचा. मागच्या बाजूला एका ओळीत ‘त्याला म्हणतो’ एवढेच शब्द उरलेत. पिलाताचा पुढचा प्रश्न, ‘सत्य काय आहे?’, नेमका फाटून गेलेल्या भागात होता. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसलो.

हा तुकडा 1920 साली इजिप्तमध्ये विकत घेतला गेला आणि 1935 मध्ये कॉलिन रॉबर्ट्स यांनी प्रसिद्ध केला. त्यावर तारीख नाही. वय ठरलं ते अक्षराच्या वळणावरून: तारीख असलेले जुने कागद घ्यायचे आणि एकेक अक्षर ताडून पाहायचं. रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सांगितला. पण लेखनिक तरुणपणी बसलेलं वळण म्हातारपणीही गिरवतो. त्यामुळे काही अभ्यासक आता तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची शक्यता मोकळी ठेवतात. मला तेच पटतं.

हा तुकडाही हाताने केलेली नक्कलच. नकला वाढल्या की पाठभेद वाढतात, पण चुका सापडतात त्याही नकलांमुळेच. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती पोथ्या अशाच ताडून सिद्ध केली. चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या पोथ्यांत मार्काचं शुभवर्तमान रिकामी कबर पाहून स्त्रिया घाबरून पळतात तिथेच संपतं. नंतरच्या पोथ्यांत येणारी पुढची 12 वचनं त्यांत नाहीतच.

अर्थात नक्कल मुळाबरहुकूम निघाली, म्हणून घटना घडलीच असं होत नाही. त्याला बाहेरचा पुरावा हवा. 1961 मध्ये इस्राएलमधल्या कैसरियाच्या प्राचीन नाट्यगृहात पुन्हा वापरलेला एक दगड निघाला. त्यावर पिलाताचं नाव आणि हुद्दा, तुटक पण वाचता येईल असा. पिलात खरा होता. येशूचा जन्म नेमका कधी झाला, याचं तसं नाही. शुभवर्तमानकार मत्तय तो हेरोद राजाच्या हयातीत सांगतो, दुसरा शुभवर्तमानकार लूक तो सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या शिरगणतीशी जोडतो. हेरोद इ.स.पू. 4 च्या सुमारास वारला. जोसेफस या ज्यू इतिहासकाराच्या नोंदीनुसार ती शिरगणती इ.स. 6 च्या सुमाराची. मधल्या या वर्षांचा मेळ कुठल्याच पोथीने अजून घालून दिलेला नाही.