पाटीवरचं नाव: देणगी कुठे संपते, जाहिरात कुठे सुरू होते

सांगलीत कापड पेठेत किंवा हरभट रोडवर दुकान असलं की भाद्रपद लागायच्या आत पावतीपुस्तकं घेऊन मंडळी दारात येतात. मग शाळेची संगणक खोली, वाचनालयाची कपाटं, पळण्याच्या स्पर्धेचे टी-शर्ट. दुकानदार सगळ्यांना देतो आणि वहीत सगळं 'देणगी' या एकाच खात्यात टाकतो. त्यातली काही रक्कम मात्र देणगी नसते, ते प्रायोजकत्व असतं. दोन्हींचा हिशोब वेगळा आहे.

फरक समोरून काय येतं यात आहे. देणगीच्या बदल्यात फक्त आभार घेता येतात. प्रायोजकत्वात तुम्ही जागा विकत घेता: कमानीवरची, टी-शर्टच्या पाठीवरची, निवेदकाच्या तोंडची.

ही रेषा पाटीच्या मजकुरावर ठरते. ११ ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात उदाहरणंच दिली आहेत. वडिलांच्या स्मरणार्थ दिल्याचं देणगीदाराच्या नावानिशी फरशीवर कोरलं, तर ती कृतज्ञता. तिथे जीएसटी नाही. अटी तीन: घेणारी संस्था धर्मादाय असावी, रक्कम खरोखर दान म्हणून दिलेली असावी आणि हेतू परोपकाराचा असावा, धंद्याच्या जाहिरातीचा नव्हे. म्हणजे वर्गाच्या दारावर 'कै. आईंच्या स्मरणार्थ' आणि खाली कुटुंबाचं नाव, इथवर ठीक. त्याच पाटीवर दुकानाचा लोगो, फोन नंबर आणि 'लग्नबस्त्याचं एकमेव ठिकाण' आलं की ती जाहिरात झाली.

आता ५०,००० रुपयांचा हिशोब मांडू. ८०जी मान्यता (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) असलेल्या साध्या धर्मादाय संस्थेला ते दिले, तर उत्पन्नातून निम्मे, म्हणजे २५,००० वजा होतात. तेही वर्षभरातल्या अशा देणग्या समायोजित उत्पन्नाच्या (इतर वजावटी काढून उरलेल्या) १० टक्क्यांत बसल्या तरच. जुन्या कररचनेत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर, सेस धरून, ७,८०० रुपये वाचतो. दुकान एकट्या मालकाचं असेल आणि त्याने नवी कररचना घेतली असेल, तर ही वजावट शून्य. २,००० च्या वर रोख दिलेल्यालाही शून्य. शिवाय नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरून तुमच्या पॅनवर प्रमाणपत्र काढलं पाहिजे, म्हणून पॅन त्याच दिवशी लिहून द्या.

तेच ५०,००० प्रायोजकत्वाचे असतील तर ते धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतात, नव्या कररचनेतही. पण इथे कागद जास्त. दुकान भागीदारी फर्म असेल आणि घेणारं मंडळ कंपनी नसेल, तर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,००० रुपये फर्मने उलट आकारणीने (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरणं) स्वतः भरायचे, तेही जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यात पैसे टाकून. क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीच्या जमेतून, वळते होत नाहीत. नेहमीच्या योजनेतल्या दुकानाला त्याचं क्रेडिट नंतर मिळतं, कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानाला) मिळत नाही. एका वेळची रक्कम ३०,००० च्या वर असल्याने फर्मने मंडळाला देतानाच २ टक्के टीडीएस (देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर), म्हणजे १,००० रुपये कापायचे. आणि १०,००० च्या वर एका दिवसात एकालाच रोख दिले, तर तो खर्च नामंजूर होतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो 'देणगी पावती' घेऊन रक्कम जाहिरात खर्चात टाकल्यावर. तपासणीत बिल मागितलं जातं आणि हातात असते वर्गणीची पावती. खर्च नामंजूर होतो. मंडळाकडे बहुधा ८०जी नसतंच, त्यामुळे ती वजावटही जाते. जाहिरात असेल तर जागेचं माप आणि दिवस लिहिलेलं मागणीपत्र, बिल आणि लावलेल्या फलकाचा तारखेसह फोटो, एवढं एका फाइलीत असावं. वर्गणी असेल तर मंडळाकडे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची निधी गोळा करण्याची परवानगी (कलम ४१क) आहे का, ते बघून मग द्यावं. चांगलं मंडळ ती दाखवायला लाजत नाही.

दुकानातला माल देणं हे तिसरंच. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या महापुरात इथल्या पेठांतून चादरी आणि धान्य गेलं, ते जायलाच हवं होतं. पण ८०जीची वजावट फक्त पैशाला आहे, वस्तूला नाही. फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही परत करावं लागतं: ४०० रुपये खरेदीच्या १०० चादरी ५ टक्क्यांनी घेतल्या असतील तर २,००० रुपये. पाणी चढलेलं असताना हे आठवायचं नसतं. मात्र त्या महिन्याचं रिटर्न भरायच्या आधी नगांची यादी, तारीख आणि घेणाऱ्या संस्थेची पोच हिशोबनिसाकडे पोहोचलेली असावी, म्हणजे स्टॉकमधली तूट लपवलेली विक्री ठरत नाही.