चिपमुळे हरवलेला कुत्रा मोबाइलवर दिसतो का?

‘कुत्र्या-मांजराला मायक्रोचिप बसवली की ते कुठेही असलं तरी मोबाइलवर दिसतं’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. जीपीएसचे पट्टे बाजारात मिळतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण चिप वेगळी.

खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसणारी ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण 12 मिलिमीटर लांब. तिच्यात ना बॅटरी, ना सिम. जागा कळवणाऱ्या जीपीएस पट्ट्यात बहुधा ही दोन्ही असतात. स्कॅनर अगदी जवळ धरला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि फक्त एक क्रमांक देते, बहुधा 15 अंकी. तुमचं नाव, फोन, पत्ता चिपमध्ये नसतो. ही माहिती त्या क्रमांकापुढे वेगळ्या नोंदणीत (डेटाबेसमध्ये) असते.

खरी गफलत इथेच होते. गिरगावातून डोंबिवलीला घर हलतं, मोबाइल नंबर बदलतो, नोंद मात्र जुनीच राहते. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेला कुत्रा कुणी दवाखान्यात नेला, तरी फोन लागणार जुन्या नंबरवर.

पडताळणी सोपी आहे. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांकडून चिप स्कॅन करून घ्या, क्रमांक चिपच्या कागदाशी जुळवा आणि नोंदणीत आज कोणता फोन आहे ते बघा. गळ्यातला नंबराचा बिल्लाही राहू द्या, कारण सोसायटीच्या वॉचमनकडे स्कॅनर नसतो.