क्लिनिकल ट्रायल आणि पैसे भरून मिळणारा ‘प्रायोगिक उपचार’

डॉक्टर म्हणतात, यापुढे फार काही करता येण्यासारखं नाही, आणि त्या रात्री घरातलं कोणीतरी मोबाईल घेऊन शोधत बसतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मणक्याची दुखापत, शेवटच्या टप्प्याचा कॅन्सर. आजाराच्या नावापुढे ‘नवीन उपचार’ टाकलं की दोन प्रकारची दारं दिसतात. एक असतं क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे नवा उपचार माणसांवर नियमांत राहून तपासून बघण्याचं. दुसऱ्यावर ‘संशोधनावर आधारित’, ‘सेल थेरपी’, ‘ट्रायल सुरू आहे’ असे शब्द असतात आणि आत गेल्यावर पॅकेजचा आकडा सांगतात. दोन्हीकडचा उपचार अजून सिद्ध झालेला नसतो, दोन्हीकडे सहीसाठी कागद पुढे येतो. त्यामुळे शिकलेली माणसंही गल्लत करतात, आणि त्या गल्लतीत घर गहाण पडतं.

पहिला फरक पैशांचा. भारतात नव्या औषधांच्या ट्रायल ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९’ या नियमांखाली चालतात. ट्रायलमधलं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही. ट्रायलसाठी म्हणून ज्या जादा तपासण्या होतात, त्यांचं बिल रुग्णाच्या नावावर फाडायचं नसतं. बऱ्याच ट्रायलमध्ये येण्याजाण्याचा खर्चही मिळतो. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या. ट्रायल नसती तरी जो उपचार तुम्ही घेतलाच असता, उदाहरणार्थ नेहमीची केमो, त्याचा खर्च काही ठिकाणी तुमचाच राहतो. कोणता खर्च कोणाचा, हे कागदावर लिहून मिळायला हवं. पण ज्याचा प्रयोग करायचा आहे त्याच इंजेक्शनचे लाखभर रुपये कोणी मागत असेल, तर तिथे विक्री चालली आहे. तिला ट्रायल म्हणता येणार नाही.

दुसरा फरक मला पैशांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि तोच लोकांना सगळ्यात जास्त टोचतो. खरी ट्रायल तुम्हाला नाही म्हणू शकते. वय, आजाराचा टप्पा, आधी घेतलेली औषधं, किडनी-लिव्हरचे रिपोर्ट हे सगळं आधीच ठरलेल्या निकषांत बसावं लागतं. स्क्रीनिंगच्या तपासण्या होतात आणि चार फेऱ्या मारून झाल्यावर कोऑर्डिनेटर सांगतो की तुम्हाला घेता येत नाही. घेतलं तरी नवीन औषध मिळेलच असं नाही. पुष्कळ ट्रायलमध्ये कोणाला नवं औषध आणि कोणाला सध्याचा उपचार किंवा प्लासिबो (दिसायला औषधासारखं, पण औषध नसलेलं), हे चिठ्ठी टाकावी तसं ठरतं, आणि कित्येकदा डॉक्टरलाही ते माहीत नसतं. आधीच पिचलेल्या माणसाला हे ऐकून संताप येतो, आणि तो साहजिक आहे. विकणाऱ्या क्लिनिकमध्ये यातलं काहीच होत नाही. चार वर्षांचं मूल असो की साठीचे आजोबा, ऑटिझम असो की गुडघेदुखी, सगळ्यांना प्रवेश असतो आणि सगळ्यांना तेच मिळतं. माणूस तिकडे ओढला जातो तो यामुळेच. पण सगळ्यांना सरसकट घेतलं आणि तुलनेला दुसरा गट ठेवलाच नाही, तर मूल सहा महिन्यांनी थोडं बरं बसायला लागलं ते इंजेक्शनमुळे, रोजच्या फिजिओथेरपीमुळे की वाढत्या वयामुळे, हे कधीच कळणार नाही. क्लिनिकला ते कळून घ्यायचंही नसतं.

‘पेशी तुमच्याच आहेत, मग परवानगी कशाला?’ हा तिथला ठेवणीतला युक्तिवाद. कमरेच्या हाडातून बोनमॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मगज, काढायचा, प्रक्रिया करायची आणि मणक्यातून परत सोडायचा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची स्टेम सेलविषयक (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींविषयीची) मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोनमॅरो प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडे रुग्णावर स्टेम सेल वापरायचे तर ते रीतसर परवानगीच्या ट्रायलमध्येच. ऑटिझमसाठी स्टेम सेल देण्याची शिफारस करता येत नाही, असं डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२मध्ये सांगितलं आहे.

आणि ‘स्वतःच्याच पेशी’ असल्या तरी ट्रायल कशी व्हायला हवी, याचं उदाहरण आपल्याकडेच, मुंबईत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी उभी राहिली. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करायचा आणि परत द्यायच्या. पहिल्या रुग्णाला ती २०२१मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात दिली गेली. ट्रायलच्या दोन टप्प्यांत मिळून ६४ रुग्ण होते. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या रोगाने प्रतिसाद दिला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले, आणि तेही वैद्यकीय नियतकालिकात छापून जगासमोर ठेवले गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये सीडीएससीओची, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मंजुरी मिळाली आणि त्यानंतरच ती विकायला आली. आधी मोजणं, मग मंजुरी, मग किंमत, असा क्रम होता. पॅकेज विकणारं क्लिनिक पहिल्याच दिवशी किंमत सांगतं. त्याच्याकडे किती जणांना त्रास झाला, किती जणांना काहीच फरक पडला नाही, हा आकडा मागून बघा. उत्तर म्हणून व्हिडिओ दाखवतील.

आता शोधायचं कुठे? भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया. ती २००७मध्ये सुरू झाली, आयसीएमआरची संस्था ती चालवते आणि कोणालाही ती फुकट पाहता येते. आजाराचं नाव टाकून शोधता येतं. नोंदी इंग्रजीत आहेत, पण घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला सोबत घेऊन बसलात तर जमण्यासारखं आहे. प्रत्येक ट्रायलचा क्रमांक ‘सीटीआरआय’, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. क्लिनिक ट्रायल असल्याचं म्हणालं तर तो क्रमांक मागा. देताना टाळाटाळ झाली तर उठून या.

मात्र क्रमांक मिळाला म्हणून निश्चिंतही होऊ नका. इथे फार जण फसतात. सीटीआरआयमध्ये नोंद असणं आणि सीडीएससीओचे प्रमुख असलेल्या औषध महानियंत्रकांची, म्हणजे डीसीजीआयची, परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवही नोंद ठेवते, उपचार चांगला असल्याचा दाखला देत नाही. नोंद उघडून चार गोष्टी बघा. भरती सुरू आहे की बंद झाली? तुमच्या शहरातलं हॉस्पिटल केंद्रांच्या यादीत आहे का? एथिक्स कमिटीची (ट्रायलमधल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी मिळाली आहे की अजून ‘सादर केली आहे’ एवढंच आहे? आणि डीसीजीआयच्या रकान्यात काय लिहिलंय? तिथे ‘लागू नाही’ असेल तर लगेच घोटाळा समजू नका. आधीपासून मंजूर असलेल्या औषधांवरच्या काही अभ्यासांना ती परवानगी लागत नाही. पण स्टेम सेलचं इंजेक्शन आणि तिथे ‘लागू नाही’, ही जोडी दिसली तर पुढे जायचं नाही.

तरी पहिला प्रश्न तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा, संकोच करू नका. ‘माझ्या आजारावर कुठे ट्रायल चालू आहे का आणि मी तिच्यात बसेन का?’ टाटा मेमोरियल, केईएमसारख्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांमध्ये ट्रायल होत असतात, आणि फाईल पाहून निकषांत बसता की नाही हे तिथले डॉक्टर फोनवरच्या माणसापेक्षा खूप नीट सांगू शकतात.

संमतीचा कागद सावकाश वाचा. ट्रायलचा कन्सेंट मराठीत मागता येतो, त्याची प्रत तुम्हाला घरी न्यायला मिळालीच पाहिजे, आणि आजच सही करा अशी घाई कोणी करत असेल तर ते चुकतंय. त्यात धोके लिहिलेले असतात, दुसरा कोणता उपचार उपलब्ध आहे ते असतं, एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचा संपर्क असतो आणि मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार बंद होणार नाही हेही असतं. त्याच कागदावर नॉमिनीचं नाव आणि नातं विचारतात. ते वाचून बऱ्याच बायका घाबरतात, ‘म्हणजे यांना काही होणार का?’ तो रकाना नुकसानभरपाईसाठी असतो. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार करावे लागतात, आणि मृत्यू ओढवला तर वारसाला भरपाई द्यावी लागते. ती आठ लाखांचा पाया धरून, वय आणि धोक्याच्या प्रमाणात नियमात दिलेल्या सूत्राने काढतात. पॅकेजवाल्या कागदावर नॉमिनीचा रकाना शोधा. तिथे बहुधा ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य सापडेल.

या दोन्हींत न बसणारी तिसरी वाटही आहे. जिवावरच्या आजारात, परदेशात मंजूर पण इथे न मिळणारं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि सरकारी परवान्याने त्या एका रुग्णासाठी मागवता येतं. त्यात पैसे लागू शकतात आणि ते बेकायदा नाही, पण ती ट्रायल नव्हे आणि तिला कोणी ट्रायल म्हणूही नये.

ट्रायल संपल्यावर काय, हेही आधीच विचारा. औषधाचा फायदा झाला असेल, दुसरा उपाय नसेल आणि ट्रायलच्या डॉक्टरांनी शिफारस केली, तर एथिक्स कमिटीच्या संमतीने ते पुढेही मोफत मिळण्याची तरतूद २०१९च्या नियमांत आहे.

आणि ज्यांनी आधीच क्लिनिकमध्ये पैसे भरले आहेत त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. बिलं, संमतीचा कागद, व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा. पुढचं ‘सेशन’ थांबवा, पण मुलाची फिजिओथेरपी, स्पीच थेरपी एक दिवसही थांबवू नका. ज्या डॉक्टरने हे दिलं त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी करता येते, आणि त्यासाठी वकील लागतोच असं नाही.