बुलेट ३५०ची ५०० करायची म्हणता? आधी एवढं वाचा

"इंजिन उतरवलंच आहे, तर पाचशेचा ब्लॉक बसवून टाका की!" वर्कशॉपमध्ये हे वाक्य आम्ही सारखं ऐकतो. विचारण्यात काहीच गैर नाही. पण गाडी उघडी पडलेली असताना उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

जुन्या ३५० बुलेटचा बोअर (ब्लॉकमध्ये पिस्टन ज्यात वरखाली होतो, त्या भोकाचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वरखाली धावेचं अंतर) ९०. त्यातून ३४६ सीसी होतात. पाचशेचा स्ट्रोक तेवढाच, बोअर मात्र ८४, म्हणजे ४९९ सीसी. त्याच कंपनीच्या कॉन्टिनेंटल जीटी ५३५लाही स्ट्रोक ९०च, बोअर ८७. स्ट्रोक सारखा आहे, मग भोक मोठं केलं की काम झालं, असं वाटतं ते यामुळेच. (मिटिऑरपासून आलेल्या नव्या ३५० इंजिनाचं माप ७२ बाय ८५.८ आहे. त्याला हे गणित लावू नका.)

सत्तरचे चौऱ्याऐंशी करायचे तर प्रत्येक बाजूने सात मिलिमीटर धातू काढावा लागेल. ३५०च्या ब्लॉकमध्ये तेवढा धातूच नसतो. म्हणजे ब्लॉक, पिस्टन, हेड (ब्लॉकवरचं झाकण) सगळं पाचशेचं घ्यायचं, आणि जुन्या कास्ट आयर्न इंजिनात तो ब्लॉक बसावा म्हणून क्रँककेसचं, म्हणजे ब्लॉकखालच्या पेटीचं, तोंडही मशीनवर मोठं करायचं. एकदा कापलेली केस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पिस्टन जड झाला की क्रँकचा (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचा) बॅलन्स बिघडतो. तो पुन्हा साधला नाही, तर फूटरेस्टवर पाय ठरत नाहीत.

हेड जुनंच ठेवून पैसे वाचवू, असंही काही जण म्हणतात. यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं नंतरचं इंजिन) ३५०चं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर आतलं मिश्रण जितके पट दाबलं जातं तो आकडा, ८.५ आहे. हेडमधल्या त्याच चेंबरखाली ४९९ सीसी आले, तर ते जवळपास १२वर जातं. एअर-कूल्ड इंजिन, पंपावरचं साधं पेट्रोल आणि चढावरचा लोड असं सगळं जमलं की इंजिन ठोकायला लागणारच. कंपनीने यूसीई ५००ला २७.२ बीएचपी आणि ४१.३ एनएम टॉर्क दिला, तो ३५०च्या १९.८ आणि २८च्या तुलनेत खरोखर मोठा आहे. पण कंपनीने ते इंजिनच त्या ताकदीसाठी घडवलं होतं. नुसता ब्लॉक बदलला, की तो वाढीव जोर ३५०च्या क्लच प्लेटवर येतो, आणि थांबायला ब्रेक मात्र जुनेच.

आता कागदांचं. आरसीवर सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टीचे दर सीसीवर ठरतात. जून २०२२च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये होते, ३५०च्या वर २,८०४. कागदावर ३४६ आणि पोटात ४९९ अशी गाडी अपघातात सापडली, तर क्लेमच्या वेळी तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची सीसी आम्ही वाढवून देत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. फक्त ट्रॅकवर किंवा खासगी जागेत फिरणारी गाडी असेल, तर जरूर बोला.

रस्त्यावरच्या बुलेटसाठी आमचा सल्ला म्हणजे नीट केलेलं रिबोअर, म्हणजे झिजलेलं भोक किंचित मोठं करून त्या मापाचा पिस्टन बसवणं. कंपनीचे ओव्हरसाइझ पिस्टन त्यासाठीच असतात. झीज जेवढी, त्याच्या पुढचाच पिस्टन घ्यायचा. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुरत असेल तर चाळीसला जायचं नाही, कारण तेवढाच एक जन्म पुढे शिल्लक राहतो. आधी पिस्टन हातात येतो, मग त्याच्या मापाने बोअर होतो. पिस्टन यायच्या आत ब्लॉक मशीनवर चढवणं आम्हाला मान्य नाही. होनिंगनंतर (बोअरला आतून दगडाने घासल्यावर) आतून बोट फिरवलं तर तिरक्या रेघा हाताला लागल्या पाहिजेत, त्यातच ऑइल धरून राहतं. मग पिस्टनवरची रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची: बोअरच्या इंचामागे चार थाऊ, म्हणजे या ब्लॉकला साधारण अकरा.

मागे एक गाडी आंबा घाटात जाम होऊन आमच्याकडे आली होती. काम दुसरीकडे झालेलं होतं. उघडून पाहिलं, तर रिंगेची दोन्ही टोकं एकमेकांवर घासून चकचकीत झालेली आणि पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे. रिंगेला तापून फुगायला फट ठेवलीच नव्हती. मालकाचा ब्लॉक गेला. त्या दिवसापासून ही फट आम्ही गिऱ्हाइकाला समोर उभं करून दाखवतो.

काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नका, आणि एकाच वेगात तासन्‌तास चालवूही नका. डबलसीट घाटात तर नकोच. ५०० झाले की ऑइल आणि फिल्टर बदलायला गाडी घेऊन या, त्याची मजुरी आम्ही घेत नाही. येताना आरसीची प्रत आणा. काढलेला जुना पिस्टन आणि रिंगा पिशवीत घालून तुमच्याच हातात देतो.