स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न ‘बंद’ झाला म्हणजे हकालपट्टी नव्हे

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची वेबसाइट. ‘नवख्यांना तिथे थारा नाही, प्रश्न टाकला की लगेच बंद करतात’ हा समज जुना आहे. तिथले सूर कधी कधी रुक्ष असतात, हे खरंच. पण बंद प्रश्नाला फक्त नवी उत्तरं देता येत नाहीत. तो दुरुस्त करता येतो आणि दुरुस्तीनंतर पुन्हा उघडण्याच्या रांगेत जाऊ शकतो. ‘डुप्लिकेट’ (म्हणजे हाच प्रश्न आधी विचारला गेला आहे) असा शेरा असेल तर आधी प्रश्नाच्या वर दिलेली लिंक उघडा, बहुधा उत्तर तिथेच असतं.

खरी चूक पुढे होते: रागाने प्रश्न पुसून तोच नव्याने टाकणं. इतरांची पसंतीची मतं न मिळालेले, पुसलेले प्रश्नही हिशेबात धरले जातात आणि शेवटी प्रश्न विचारण्यावरच बंदी येते.

त्यापेक्षा प्रश्नातला कोड छाटा. दोनशे ओळींतून लॉगिन, डेटाबेस, सजावट काढत जा. दुसऱ्याच्या संगणकावर तीच चूक दिसेल एवढाच भाग ठेवा. एरर मेसेज अक्षरशः पेस्ट करा, स्क्रीनशॉट नको. चित्रातला कोड कुणाला चालवून बघता येत नाही. काय अपेक्षित होतं, काय झालं, भाषेची किंवा सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, तेही लिहा. गंमत म्हणजे छाटता छाटताच अनेकदा चूक सापडते.