पाणी तेच, उतार वेगळा

नेपाळ आणि बांगलादेश यांच्या क्षेत्रफळात फारसा फरक नाही. दोघेही साधारण १ लाख ४७-४८ हजार चौरस किलोमीटरच्या घरातले. दोघांच्या मध्ये भारताची एक चिंचोळी पट्टी आहे, सिलिगुडीजवळची. ती सगळ्यात अरुंद आहे तिथे जेमतेम वीस-बावीस किलोमीटर भरते. पावसाळी ढग दोघांकडे बंगालच्या उपसागरावरूनच येतात. नेपाळच्या कोशी, गंडकी, कर्णाली गंगेला मिळतात, आणि गंगा पद्मा होऊन बांगलादेशात शिरते. म्हणजे पाऊसही तोच आणि नद्यांचं पाणीही बरंचसं तेच. असं असूनही नेपाळची लोकसंख्या तीन कोटींच्या आत आहे आणि बांगलादेशची सतरा कोटींच्या आसपास. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या, तर बांगलादेशात जवळजवळ सगळा देश एकच भाषा बोलतो.

या फरकामागे इतिहास आणि राजकारण आहेच. पण मला विचाराल, तर सगळ्यात आधी बघायला हवा तो जमिनीचा उतार. पाणी किती वेगाने खाली येतं आणि कुठे थांबतं, यावरून तिथे काय पिकणार, काय विकलं जाणार आणि घर कसं बांधलं जाणार, हे बऱ्याच अंशी ठरत जातं.

नेपाळची दक्षिण सीमा समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही अशा ठिकाणी सुरू होते आणि उत्तरेला ८,८४८ मीटरवर एव्हरेस्ट उभं आहे. मधलं अंतर दीडशे ते दोनशे किलोमीटर. एवढ्याशा रुंदीत उष्ण कटिबंधापासून कायमच्या बर्फापर्यंतची सगळी हवामानं एकावर एक रचली गेली आहेत. त्याचा सगळ्यात स्पष्ट नमुना काली गंडकीच्या खोऱ्यात दिसतो. अन्नपूर्णा रांगेच्या दक्षिणेला लुमले नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रांगेच्या मागे जोमसोम आहे, लुमलेपासून सरळ रेषेत साठ किलोमीटरसुद्धा नाही. तिथे पाऊस तीनशे मिलिमीटरच्या आसपास. दमट वारा डोंगराला धडकून वर चढतो, वर जाताना थंड होतो आणि थंड हवेत बाष्प मावत नाही म्हणून तो अलीकडच्या उतारावरच रिता होतो. पलीकडे उतरतो तेव्हा तो कोरडा असतो आणि उतरताना आणखी तापतो. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यामध्ये सह्याद्री जे करतो तेच हे, फक्त भिंत पाच-सहापट उंच.

परिणाम घरांच्या छपरांवर वाचता येतो. लुमलेच्या बाजूला दगडी पाट्यांची तीव्र उतरती छपरं आहेत, पाणी क्षणभरही थांबू नये अशी. जोमसोमच्या बाजूला, म्हणजे मुस्तांगमध्ये, मातीची सपाट धाबी, त्यावर कडेने रचलेली सरपणाची चवड आणि वाळत घातलेलं धान्य. अलीकडे भातखाचरं, पलीकडे फापर म्हणजे कुट्टू आणि जव. माणसांची उठबससुद्धा हवेने बांधून दिली आहे. मुस्तांगचं कोरडं पठार दिवसा तापलं की तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा दरीतून वर ओढली जाते. दुपारपर्यंत हा वारा इतका सुसाट होतो की जोमसोमची विमानं सकाळीच उडतात.

ही दरी विलक्षण आहे. एका बाजूला धवलगिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मधून अडीच हजार मीटरच्या आसपास वाहणारी नदी. डोंगर उठण्याआधीपासून नदी तिथे वाहत असावी आणि जमीन जसजशी वर आली तसतशी ती तळ कापत राहिली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतून येतो. तो एका नामशेष झालेल्या सागरी प्राण्याचा, अॅमोनाइटचा जीवाश्म. हिमालयाच्या जागी पूर्वी समुद्र होता याचा पुरावा आपण पिढ्यान्‌पिढ्या तुळस वाहून जपला आहे.

हिमालयाच्या भिंतीत अशी खिंडारं मोजकीच, म्हणून प्रत्येक खिंडार ही बाजारपेठ झाली. तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचं मीठ खाली यायचं आणि सखल भागातलं धान्य वर जायचं. काली गंडकीच्या काठावरच्या थकाली समाजाने हा व्यापार पेलला, वाटसरूंसाठी भट्ट्या म्हणजे खानावळी चालवल्या. साठच्या दशकात तिबेटची सीमा जवळपास बंद झाली, भारतातून समुद्राचं मीठ यायला लागलं आणि तो व्यापार आटला. थकाली शहरांकडे उतरले आणि खानावळीचं कसब सोबत घेऊन गेले. आज काठमांडूपासून पोखऱ्यापर्यंत थकाली जेवणाच्या पाट्या दिसतात, त्यामागे एका दरीचा आकार आहे.

आणि जिथे खिंडार नव्हतं तिथे माणसं आपापल्या खोऱ्यात राहिली. शेजारच्या खोऱ्यात जायचं तर हजार मीटर उतरायचं, झुलता पूल ओलांडायचा आणि पुन्हा हजार मीटर चढायचं. इतक्या मातृभाषा टिकून राहण्यामागे ही पायपीट आहे. भूतानमध्येही तेच. लोकसंख्या आठ लाखांच्याही आत, तरी डझनभराहून अधिक भाषा. बांगलादेशात बंगालीखेरीज इतर भाषांची दाटी कुठे आहे हे बघितलं तर बोट चितगावच्या डोंगराळ पट्ट्यावर जातं. हा योगायोग नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, नाहीतर भूगोल म्हणजे कपाळावरची रेघ असं वाटू लागेल. नेपाळची तराई, म्हणजे दक्षिणेचा सखल पट्टा, सपाट, सुपीक, पाण्याने समृद्ध. तरी शतकानुशतकं पहाडी माणूस तिथे वस्ती करायला धजत नव्हता, कारण मलेरिया. नेपाळीत त्याला औलो म्हणतात. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या थारू लोकांना मात्र तो तितकासा बाधत नसे. त्यांच्यात अल्फा थॅलेसेमिया या जनुकीय बदलाचं प्रमाण फार मोठं आहे आणि तो मलेरियापासून संरक्षण देतो, हे पुढे संशोधनातून दिसलं. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि काही वर्षांत पहाडी लोकांचे लोंढे तराईत उतरले. आज नेपाळची निम्म्याहून अधिक लोकसंख्या तराईत राहते. जमीन तीच होती, पाऊस तोच होता. एका कीटकनाशकाने देशाचा गुरुत्वमध्य दक्षिणेला सरकवला, आणि त्यात थारूंच्या बऱ्याच जमिनी गेल्या. उतार शक्यता मांडतो. पुढचं माणसं करतात, आणि ते नेहमी न्याय्य असतंच असं नाही.

उताराची आजची किंमत मेगावॅटमध्ये मोजतात. सेकंदाला एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली पडलं तर त्यातून जास्तीत जास्त एक मेगावॅटच्या जवळपास वीज मिळू शकते. उंची दुप्पट, तर वीज दुप्पट. भूतानच्या ताला प्रकल्पात वांगछू नदीचं पाणी तेवीस किलोमीटरच्या बोगद्यातून नेऊन साडेआठशे मीटरांच्या आसपास खाली सोडलं आहे, त्यातून १,०२० मेगावॅट क्षमता उभी राहते. मोठा जलाशय लागत नाही, लागतो तो कडा. म्हणून देशाचा किमान ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील, असं राज्यघटनेत लिहून ठेवणारं भूतान पाण्याची वीज विकून कारभार चालवू शकतं. पण हिवाळ्यात नद्या आक्रसतात आणि हाच देश भारताकडून वीज विकत घेतो. नेपाळचीही तीच गत, कारण तिथला ऐंशी टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो.

भूतानच्या धर्मसंस्थेने हे ऋतुचक्र केव्हाच पचवलं आहे. मुख्य भिक्षुसंघ उन्हाळ्यात सुमारे २,३०० मीटरवरच्या थिंफूत असतो आणि थंडी पडली की १,२०० मीटरच्या आसपास असलेल्या पुनाखाला उतरतो. ही ये-जा आजही चालू आहे.

आता खाली उतरू. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ वाहून आणतात. पर्वतातून सुटताना पाण्याला वेग असतो, तेव्हा धोंडेसुद्धा गडगडतात. उतार कमी होत जातो तसे आधी धोंडे, मग गोटे, मग वाळू मागे पडते, आणि बांगलादेशात पोचेपर्यंत उरते ती बारीक माती. या एका गोष्टीत देशाचं अर्धं अर्थकारण सामावलं आहे. दरवर्षी नवी माती, त्यावर औश, आमन आणि बोरो अशी भाताची तीन पिकं, आणि तागाला हवं असलेलं दमट हवामान व तो कुजवायला जागोजागी साचलेलं पाणी. इतक्या लोकांना पोसणारी जमीन जगात फार थोडी आहे.

पण दगड फारसा नाही. काँक्रीटला खडी लागते. ती पुरेशी नाही म्हणून इथे माती भाजून विटा करतात आणि त्या विटा हातोड्याने किंवा यंत्राने फोडून त्यांची खडी बनवतात. तिला खोआ म्हणतात. रस्त्याकडेला लाल तुकड्यांचे ढीग आणि ते फोडणारी माणसं, हे तिथलं नेहमीचं दृश्य. वीटभट्ट्यांचा धूर आणि त्यात जाणारी सुपीक माती ही त्याची किंमत. २०२२ मध्ये खुला झालेल्या ६.१५ किलोमीटरच्या पद्मा पुलाला तर पायाखाली खडकच मिळेना, म्हणून पोलादी खांब सुमारे १२० मीटर खोल ठोकावे लागले.

राहण्याची रीत पाण्याला धरून आहे. घर बांधायचं तर आधी तळं खणायचं, त्यातली माती शेजारी रचून उंचवटा करायचा आणि त्यावर घर. त्याला भिटा म्हणतात. पुरात घर वर राहतं, उन्हाळ्यात तळं मासे देतं. खोल पाण्यातल्या भाताने तर कमाल केली आहे. पूर चढू लागला की बुडलेल्या खोडात इथिलीन वायू साठतो, त्याच्या इशाऱ्याने पेरं लांबू लागतात आणि रोप दिवसाला वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वाढून डोकं पाण्यावर ठेवतं. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये यामागची जनुकं शोधली आणि त्यांना स्नॉर्केल हे नाव दिलं. शेतकऱ्यांनी मात्र हे वाण कितीतरी आधी निवडून जपलं होतं. गाणीही पाण्यावरचीच. प्रवाहाबरोबर निवांत जाणाऱ्या नावाड्याची लांब सुरांची भाटियाली, आणि वल्ह्यांच्या ठोक्यावर अनेकांनी मिळून म्हणायची सारी.

त्याच गाळाबरोबर विषही आलं. मातीच्या कणांवर लोहाचा पातळ थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. त्रिभुज प्रदेशात हा गाळ वनस्पतींच्या अवशेषांसह गाडला जातो. खाली प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव त्या लोहाचा वापर करतात, थर विरघळतो आणि आर्सेनिक भूजलात सुटतं. तळ्या-नद्यांच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून सत्तरच्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ दिसत होतं. १९९० च्या दशकात सत्य समोर आलं तेव्हा कोट्यवधी लोक ते पीत होते. मग तपासणी करून घातक पंपांना लाल आणि सुरक्षित पंपांना हिरवा रंग दिला गेला. सद्हेतूने केलेल्या कामाचा असा शेवट वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं.

समुद्राच्या बाजूनेही धोका आहेच. नरसाळ्यासारखा निमुळता उपसागर, उथळ तळ आणि सपाट किनारा, यामुळे चक्रीवादळाची लाट उंच होऊन आत घुसते. १९७० च्या वादळात किमान तीन लाख माणसं गेली. २००७ च्या सिद्र वादळात हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता. किनारा बदलला नव्हता. दरम्यान पूर्वसूचना, खांबांवर उभी केलेली निवाऱ्याची घरं आणि सायकलवरून भोंगे घेऊन फिरणारे स्वयंसेवक आले होते.

उंचीचा हा फरक आता थेट व्यापारात उतरला आहे. भूतानकडे दगड उदंड, बांगलादेशकडे फारच थोडा. २०१९ च्या जुलैमध्ये भूतानचा सुमारे हजार टन दगड आसाममधल्या धुबरीहून जहाजात भरून ब्रह्मपुत्रेवाटे नारायणगंजला पोचला. त्या नदीला स्वतःच्या बळावर जो दगड तिथवर नेता येत नाही, तो माणसांनी तिच्याच पाठीवरून नेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची वीज भारताच्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात गेली. करारानुसार फक्त ४० मेगावॅट, तीही दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळापुरती. मला ही सुरुवात फार महत्त्वाची वाटते, कारण दोघांच्या गरजा ऋतूंनीच उलटसुलट लावून ठेवल्या आहेत. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या तुडुंब असतात आणि त्याच उकाड्यात ढाक्यात पंखे आणि एसी जोरात चालू असतात. हिवाळ्यात नेपाळला वीज कमी पडते, तेव्हा बांगलादेशातली मागणी खूप खाली येते आणि तिथली औष्णिक केंद्रं रिकामी राहतात. दोन्ही दिशांनी वीज वाहू शकेल इतक्या क्षमतेच्या तारा त्या वीस-बावीस किलोमीटरच्या पट्टीतून टाकणं अभियंत्यांना अवघड नाही. अडतं ते तीन देशांच्या परवानग्यांपाशी.